काढून झालेलं पित्ताशय

सार्वजनिक आरोग्यव्यवस्था तीन गोष्टींवर उभी असते: डॉक्टर, औषध आणि विश्वास. यांपैकी पहिल्या दोन शासनाने पुरवायच्या असतात, तिसरी रुग्णाने घरून आणायची असते. पहिल्या दोन वेळेवर आल्या नाहीत तरी रुग्णालय चालू राहतं, हे अनुभवाने सिद्ध झालेलं आहे. तिसरी आटली तर मात्र वरून पत्र येतं.

आमच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला असं पत्र आलं. त्याआधी एक पाहणी झाली होती. शंभर लोकांना फाटकाबाहेर गाठून एकच प्रश्न विचारला होता: ‘तुमचा या रुग्णालयावर विश्वास आहे का?’ एकवीस जण ‘नाही’ म्हणाले. चौतीस जण ‘आमचं माणूस आत आहे हो, आमचं नाव लिहू नका’ म्हणाले. उरलेले नुसते हसले. (हसणाऱ्यांसाठी तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून त्यांना ‘समाधानी’ धरलं. तरी आकडा लाजिरवाणाच आला.)

पत्राची दखल घेऊन रुग्णालयाने ‘विश्वास संवर्धन कक्ष’ उघडला. त्याला जी खोली दिली ती मुळात नव्या एक्स-रे मशीनसाठी बांधली होती. मशीन खोक्यातच व्हरांड्यात राहिलं आणि त्या खोक्यावर कर्मचारी डबे खाऊ लागले, त्यामुळे खोक्याचाही उपयोग झाला. कक्षावर विश्वास अधिकारी नेमले गेले. हे साहेब याआधी रुग्णालयाच्या मूषक नियंत्रण विभागात होते आणि तिथलं काम त्यांनी इतकं चोख केलं होतं की उंदरांकडून एकही तक्रार आली नव्हती.

विश्वास अधिकाऱ्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे प्रवेशद्वारात एक मोठा बोर्ड लावला. ‘येथील सर्व सेवा विनामूल्य आहेत. कोणीही पैसे मागितल्यास विश्वास कक्षाशी संपर्क साधावा.’ बोर्ड सुंदर होता. त्याच्या सावलीत बसून वॉर्डबॉय पैसे मोजत.

इथे एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करायला हवी. रुग्णालयात जे काही लेखी होतं (वेळापत्रक, औषधांची यादी, डॉक्टरांच्या हजेरीचा फलक), त्यातलं काहीच खरं नसे. जे लेखी नव्हतं ते मात्र काटेकोर चाले. स्ट्रेचरचं किती, पलंगाचं किती, पलंगावर चादर हवी असेल तर वेगळं किती, आणि ‘पेशंट आता बरा आहे’ हे जिन्यात येऊन सांगण्याचं किती, याचा कागद कुठेही नव्हता आणि तरीही कधी कुणाची चूक झाली नाही. असा कारभार खासगी कंपन्यांनाही जमत नाही.

या सुरळीत चाललेल्या यंत्रणेत एके दिवशी काटेवाले आले.

काटेवाले म्हणजे माझ्या चपलांच्या दुकानाशेजारी वजनकाटे दुरुस्त करणारे गृहस्थ. सबंध बाजार त्यांना याच नावाने ओळखतो. काट्यावर जे दिसतं ते खरं, या श्रद्धेवर त्यांचा धंदा चालला होता, आणि हळूहळू त्यांना लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायची सवय लागली होती. बायकोच्या पोटात दुखू लागलं, तपासणीत पित्ताशयात खडे निघाले, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. काटेवाल्यांनी प्रवेशद्वारातला बोर्ड वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाले, “चला, बरं झालं. काळजीच मिटली.”

वॉर्डबॉय हा पन्नाशी ओलांडलेला, अनुभवी माणूस होता. तो नेहमीच्या पद्धतीने जवळ आला.

“काका, तारखेचं जरा बघावं लागेल.”

“बघा ना,” काटेवाले म्हणाले.

“तसं नाही. बघावं लागेल.”

“हो, मग बघा की. आम्हाला घाई नाही. थांबतो आम्ही.”

वॉर्डबॉयने डोकं खाजवलं, तळहात चोळला, भिंतीकडे बघून खोकला. काटेवाल्यांनी त्याला विचारलं, “बरं नाही का तुम्हाला? डॉक्टरांना दाखवा, इथे फुकट आहे.”

त्या दिवसापासून तारीख पुढे जाऊ लागली. एकदा भूलतज्ज्ञ रजेवर होते. एकदा ऑपरेशन थिएटरचा दिवा गेला होता. एकदा दिवा आला पण दिवा लावणारा रजेवर होता. दर वेळी काटेवाले बायकोला उपाशीपोटी घेऊन यायचे, बाकावर बसायचे आणि दुपारी घेऊन जायचे.

“अहो, ते पैसे मागतायत,” बायको म्हणायची.

“मागितले असते तर तोंडाने मागितले असते. बोर्डावर स्पष्ट लिहिलंय.”

“तो बोर्ड तुमचा सख्खा भाऊ लागतो का?”

बायकोचं पोट दुखू लागलं की ती त्यांचा हात घट्ट धरायची आणि ते बोर्डाकडे बघायचे. पैसे नव्हते म्हणून ते अडले होते असं नाही, थोडेफार जमवता आले असते. पण एकदा दिले तर तो बोर्ड खोटा आहे असं म्हणण्यासारखं झालं असतं, आणि मग आणखी काय काय खोटं आहे हे शोधत बसावं लागलं असतं. त्या वयात त्यांना ते झेपणारं नव्हतं.

ही बातमी विश्वास अधिकाऱ्यांच्या कानावर गेली. रुग्णालयावर विश्वास असलेला एक माणूस बाकावर बसला आहे, आणि तो वारंवार येतो! अधिकारी स्वतः खाली आले. त्यांनी काटेवाल्यांना खोलीत नेलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि चहाचे पैसे स्वतः दिले. (रुग्णालयाच्या इतिहासात पैसे या दिशेने जाण्याची ही पहिलीच नोंद आहे.)

“तुमच्यासारख्या नागरिकांची आम्हाला फार गरज आहे,” अधिकारी म्हणाले.

“आम्हाला ऑपरेशनची गरज आहे,” बायको म्हणाली.

“तेच तर सांगतोय, ताई. मोठे साहेब येणार आहेत. त्यांना एक समाधानी रुग्ण दाखवायचाय. ऑपरेशन झालेले रुग्ण आमच्याकडे आहेत, नाही असं नाही. पण समाधानी आहात का विचारलं की ते किती दिले ते सांगत सुटतात.”

मोठे साहेब आले त्या दिवशी काटेवाल्यांच्या बायकोला खिडकीजवळचा पलंग मिळाला. पलंगावर चादर होती. तिच्या पोटावर पांढरीशुभ्र पट्टी बांधली, उशाशी फुलं ठेवली. ती पट्टीकडे बघत म्हणाली, “अहो, आत तर सगळं जसंच्या तसं आहे.”

“ऑपरेशन होणारच आहे ना, ताई?” विश्वास अधिकारी हळूच म्हणाले. “फोटो फक्त आधी काढतोय. लग्नाचे फोटो नाही का हल्ली आधी काढत?”

काटेवाल्यांना हे पटलं. मागेपुढे होतं, एवढंच. मोठ्या साहेबांनी विचारलं, “काय बाई, त्रास काही?” आणि तिने उत्तर देण्याआधीच फोटो निघाला. साहेब पुढच्या वॉर्डात गेले. त्यांच्यामागे फुलं गेली. चादरही गेली. बायकोच्या हातात घरी जाण्याचं कार्ड आलं. त्यावर लिहिलं होतं: ‘पित्ताशय काढले. प्रकृती उत्तम. टाके: नाहीत. व्रण: नाही.’

रुग्णालयाच्या सर्जननी या शेवटच्या दोन नोंदींच्या जोरावर पुढे एका परिषदेत बिनव्रणाच्या शस्त्रक्रियेवर भाषण केलं. भाषण चांगलं झालं, असं ऐकलं.

काही दिवसांनी बायकोला ताप भरला. दुखणं थेट पाठीत जाऊ लागलं. ती कूस बदलेना, पाण्याचा घोटही ठरेना. काटेवाल्यांनी रिक्षा केली आणि तिला रुग्णालयात आणलं. खिडकीतल्या कारकुनाने संगणकात पाहिलं.

“यांचं झालंय.”

“झालं नाही हो. नुसता फोटो झालाय.”

“संगणकात झालंय.”

“तुम्ही पोट बघा ना तिचं.”

“पोट बघायचा विभाग वेगळा,” कारकून म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं.

तो विभाग एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे होता. त्या नवीनच लागल्या होत्या, त्यामुळे त्यांनी पेशंटला तपासलं. त्यांनी लिहिलं: ‘पित्ताशयास तीव्र सूज, तातडीने शस्त्रक्रिया हवी.’ कागद वर गेला आणि खाली आला. त्यावर लिहून आलं होतं की काढलेल्या अवयवाला सूज येऊ शकत नाही, सबब डॉक्टरांनी निदान सुधारावं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून फोटोच जोडला. त्यावर असा शेरा आला: ‘पित्ताशय पुन्हा उगवले असण्याची शक्यता. प्रकरण संशोधन विभागाकडे.’ (संशोधन विभागाच्या जागेत सध्या रुग्णालयाची कॅन्टीन आहे.) डॉक्टरीणबाईंची बदली गरोदर स्त्रियांच्या वजनाच्या नोंदींवर झाली.

काटेवाले विश्वास कक्षात गेले. तीच खोली, तेच अधिकारी. चहा नव्हता.

“साहेब, तिला फार होतंय. ताप उतरत नाहीये.”

अधिकाऱ्यांनी फाईल काढली. “तुमची तक्रार मी घेऊ शकतो. पण मग तुमचा रुग्णालयावर विश्वास नाही असं होईल. आणि आमच्या नोंदीनुसार तुम्ही तर आमचे सर्वांत विश्वासू नागरिक. म्हणजे तक्रार करणारा माणूस तुम्ही नाहीच. मग ही तक्रार कुणाची धरू?”

काटेवाले म्हणाले, “ती मरेल हो.”

“नोंदीप्रमाणे तसं काही कारण दिसत नाही,” अधिकारी म्हणाले. त्यांच्या आवाजात खरा दिलासा होता.

त्या दुपारी काटेवाले जिन्याच्या पायरीवर बसून रडले. मी सोबत होतो. मी त्यांना पाणी आणून दिलं. पाण्याला पैसे पडले नाहीत, कारण नळालाच पाणी नव्हतं आणि बाटली मी घरून नेली होती.

शेवटी बायकोनेच सूत्रं हातात घेतली. तापाने फणफणलेली असताना तिने बहिणीला फोन लावायला सांगितला. ही तिची धाकटी बहीण, आणि या धाकटीच्या नणंदेचा दीर त्याच रुग्णालयात लिफ्टमन होता.

लिफ्टमन या पदाची थोडी माहिती देणं आवश्यक आहे. रुग्णालयाची लिफ्ट कित्येक वर्षं बंद होती. त्यामुळे लिफ्टमनला दिवसभर वेळ असे. बंद लिफ्टमध्ये तो स्टूल टाकून बसे आणि तिथे त्याला भेटायला सगळे येत: परिचारिका, भांडारपाल, कधी कधी अधीक्षकसुद्धा. रुग्णालयात वर चढवण्याचं जे काही काम होतं ते आजही तोच करत होता, फक्त लिफ्टविना. माणूस अगदी साधा. धाकटीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “यात एवढं काय? ताईंच्या नावावर होत नाही ना? मग नाव बदला. माणूस तोच राहू द्या.”

“कुणाचं नाव?” धाकटीने विचारलं.

“तुमचंच द्या की. घरातलंच आहे.”

धाकटी म्हणाली, “आणि उद्या माझंच पोट दुखलं तर?”

“तेव्हा जावेचं द्या,” लिफ्टमन म्हणाला. मोठ्या कुटुंबांचा आरोग्यव्यवस्थेला किती आधार असतो, हे सरकारच्या लक्षात अजून आलेलं नाही.

पैशांचा विषय निघाला तेव्हा लिफ्टमनने कानाला हात लावला. “छे छे! ओळखीत मी घेत नाही.” आणि खरोखरच त्याने घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळचंच ऑपरेशन मिळालं.

काटेवाल्यांची बायको धाकटीच्या नावाने भरती झाली. त्यामुळे नियमानुसार तिचा नवरा म्हणजे धाकटीचा नवरा, अर्थात काटेवाल्यांचे साडू. स्त्रियांच्या वॉर्डात नवऱ्याखेरीज कुणा पुरुषाला प्रवेश नव्हता. साडू आत गेले, पलंगाशेजारच्या स्टुलावर अवघडून बसले आणि आपल्या मेव्हणीला विचारू लागले, “वहिनी, पंखा कमी करू का?” परिचारिकेने दचकून बघितलं, तेव्हा त्यांनी घाईने “अगं, पंखा कमी करू का?” असं केलं. पलंगावरची बाई तेवढ्या तापातही हसली आणि हसल्यामुळे कळवळली.

संमतीपत्रावर साडूंनी सही केली. “काही झालं तर जबाबदारी माझी, असं लिहिलंय हो यात,” ते बाहेर येऊन काटेवाल्यांच्या कानात म्हणाले.

फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी दारातच उभ्या असलेल्या काटेवाल्यांना हटकलं. “तुम्ही कोण यांचे?”

काटेवाल्यांनी आत पाहिलं. बायको त्यांच्याकडेच बघत होती. इतक्या वर्षांत या माणसाने एक ग्रॅम इकडचं तिकडे केलं नव्हतं.

“मी…” ते म्हणाले. “मी यांच्या बहिणीचा नवरा.”

“मग बाहेर बसा.”

ते बाहेर बाकावर जाऊन बसले. बाकावर आधीच एक बाई बसली होती. हिरवा स्वेटर, चेहरा पिवळा पडलेला, पोटाशी उशी धरलेली. शेजारी तिचा भाऊ. सकाळपासून उपाशी होती म्हणे.

“आमचं आज सकाळी होतं,” भाऊ काटेवाल्यांना म्हणाला. “पहिलाच नंबर होता. आता सांगतात, मध्येच कुणीतरी आलं, तारखेचं बघावं लागेल. बघावं लागेल म्हणजे नक्की काय करायचं हो?”

आत थिएटरचं दार बंद झालं होतं.

“पैसे द्या,” काटेवाले म्हणाले.

“पण बोर्डावर तर चक्क लिहिलंय की…”

“हो. लिहिलंय.”

“मग? सरकारी बोर्डावर खोटं कसं लिहितील?”

दोघा भावंडांशेजारी काटेवाले तसेच बसून राहिले, आणि दार उघडलं तेव्हा त्यांच्याकडे न बघता उठले. ऑपरेशन चांगलं झालं होतं. आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं, असं सर्जन साडूंना म्हणाले. साडू रडले. हे सर्व नवऱ्यालाच सांगायचं असल्याने काटेवाल्यांना ते जिन्यात कळलं.

आज बाई ठणठणीत आहे. पोटावर व्रण आहे, पण तो कागदोपत्री धाकटीच्या पोटावर आहे. धाकटी त्यावरून कधीतरी कुरकुरते, एवढंच. काटेवाले पुन्हा काटे दुरुस्त करतात. हल्ली काट्यावर आकडा आला तरी ते वजन हातात घेऊन एकदा अंदाज बघतात.

रुग्णालयाचीही प्रगती झाली. पुढच्या पाहणीत प्रश्न थोडा सुधारून घेतला होता: ‘तुमचा या रुग्णालयावर विश्वास नाही, असं तर नाही ना?’ निर्देशांक भराभर वर गेला. विश्वास अधिकाऱ्यांना बढती मिळाली आणि हिरव्या स्वेटरवाल्या बाईच्या भावाला वरच्या खोलीत बोलावून चहा दिला गेला, असं कळतं.

ही हकिगत मी दुकानात अनेकांना सांगितली. लोक पायात चपला घालून बघता बघता ऐकतात, आणि ऐकून खवळतात. कुठे चाललाय देश, म्हणतात. सगळ्यांना रांगेत उभं केलं पाहिजे, म्हणतात. एका मास्तरांनी तर रागाने चप्पल जमिनीवर आपटली. (ती त्यांनी नंतर घेतली नाही.) मग पैसे देताना, बाकी गिऱ्हाईकं गेली आहेत ना हे बघून, आवाज खाली आणून विचारतात, “त्या लिफ्टमनचा नंबर मिळेल का हो? लगेच नकोय. असावा आपला जवळ.”

मी देतो. कुणाला नाही कशाला म्हणायचं? आजवर बऱ्याच जणांनी नेला. त्या बाकावरच्या बाईचं पुढे काय झालं, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही.

तुम्ही विचारणारच होतात, याची मला खात्री आहे. तेव्हा तुम्हाला नंबर देत नाही.

का, नंबराशिवाय नाही ना चालणार?